तानोची टाकी

“नाकाशी धरून बघा,” नगरपालिकेचा इन्स्पेक्टर डॉनेली म्हणाला आणि त्याने मूठभर वाळू असुंताच्या तळहातावर ओतली. “तेलाचा वास येतोय?”

असुंताने वाळू नाकाशी नेली, डोळे मिटून दोनदा हुंगली. “नाही. कसलाच नाही.”

“यायचाच नाही. तेल उपसलंय, टाकी आतून पुसून काढलीय आणि मग वाळू ठासलीय, अगदी तोंडापर्यंत. जुन्या टाक्या खणून काढण्यात माझी बारा वर्षं गेली, बाई. असं नेटकं काम दोनदा पाहिलं असेल. ज्याने केलं त्याला मानलं पाहिजे.”

असुंताच्या परसात सकाळपासून खोदाईचं यंत्र घरघरत होतं. तिची गुलाबाची झुडपं एका बाजूला उपटून ठेवली होती, माता मेरीचा सिमेंटचा पुतळा गॅरेजच्या भिंतीला टेकवला होता, आणि मधोमध पडलेल्या खड्ड्यावर साखळीला ती लोखंडी टाकी लोंबकळत होती. टाकीला गंज होता, पण भोक कुठेच नव्हतं. गल्लीतले सात-आठ जण कुंपणाला रेलून बघत होते. कुंपणाच्या चढाकडच्या बाजूला, स्वतःच्या परसात, सावेरिओ स्त्राती उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गावातल्या शाळेचं बॉयलर एकतीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेला माणूस. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

असुंताने हातातली वाळू बोटाने पसरली आणि ती एकदम थांबली. वाळूत नखाएवढा शिंपल्याचा तुकडा होता.

“अरे देवा! ही तर समुद्रावरची वाळू!” ती कुंपणापलीकडच्या सावेरिओकडे वळली. “कुम्पा, आठवतं? त्या दोन उन्हाळ्यांत माझा तानो दर रविवारी आम्हाला किनाऱ्यावर न्यायचा आणि येताना डिकीत चार बादल्या वाळू! मी भांडभांड भांडायचे. सीटवर वाळू, चपलेत वाळू, पोरांच्या पावातसुद्धा वाळू. ‘काम आहे’ म्हणायचा. शिंप्याला मेलं वाळूचं कसलं काम, मी म्हणायचे!”

कुंपणावरचे लोक हसले. असुंताही हसली, आणि हसता हसताच मातीच्या ढिगावर मटकन खाली बसली.

“आणि मी तीन महिने त्याला शिव्या घालतेय,” ती म्हणाली.

शिव्या घालत होती हे खरंच होतं आणि अख्ख्या गल्लीने त्या ऐकल्या होत्या. जानेवारीत तिच्या तळघराच्या भिंतीतून तेल पाझरू लागलं. तिथे तिचं दुसरं स्वयंपाकघर होतं. टोमॅटोच्या रसाच्या शंभरावर बरण्या, छताला वाळत घातलेली सॉसेज, तानोने घातलेल्या दारूचं शेवटचं पिंप. सगळ्याला वास लागला, सगळं फेकावं लागलं. घर गरम ठेवायला पूर्वी सगळेच तेल जाळत आणि तेलाच्या टाक्या परसात पुरलेल्या असत. गॅस आला तशा त्या जमिनीतच विसरल्या गेल्या. तेव्हा सहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याने आपल्याला न सांगता सडकी टाकी मागे ठेवली, असं असुंताच्या डोक्यात पक्कं बसलं. ‘जगला तोवर टाके मोजत बसायचा, आणि मरताना मला हे भोक ठेवून गेला,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. दर रविवारी ती त्याच्या थडग्यावर फुलं घेऊन जाई, तेही तिने बंद केलं. त्याचा बैठकीतला फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला.

“मग तेल आलं कुठून?” कुंपणावरून कोणीतरी विचारलं.

डॉनेलीने चढावर नजर टाकली. तेल काय, पाणी काय, उताराच्याच दिशेने जाणार, हे कळायला इन्स्पेक्टर असावं लागत नाही. “मिस्टर स्त्राती, वरचं घर तुमचं. तुमच्या टाकीचं काय केलंत?”

“माझी?” सावेरिओ म्हणाला. “चौऱ्याऐंशी सालीच निकाल लावला. तानोच्या बरोबरच.”

“म्हणजे वाळू भरलीत?”

इथे ‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता. तो श्वास सावेरिओने घेतलाही.

“हो,” तो म्हणाला. “वाळू.”

“त्यांना काय विचारताय!” असुंता ढिगावरूनच कडाडली. “एकतीस वर्षं शाळेचं बॉयलर चालवलं त्यांनी. एक थेंब सांडला नाही की एक पोर गारठलं नाही. कुम्पा सावेरिओ खोटं बोलायचे नाहीत!”

“ते मला सांगताय होय?” डॉनेली हसला. “दुसरी-तिसरीत माझे ओले हातमोजे यांच्या बॉयलरवरच वाळायचे.” त्याने खिशातून एक छापील कागद काढून कुंपणावरून दिला. “टाकी बंद केल्याचा जुना दाखला सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर हा भरा आणि सही करा. दुसरा कोणी असता तर परस खणायला लावलं असतं. तुमचा शब्द पुरे. उद्या ऑफिसात आणून द्या, मग मी रस्त्याखालच्या पाइपांकडे वळतो.”

सावेरिओने कागद घेतला. त्याचे कान तापले होते आणि ते सगळ्यांना दिसत असणार असं त्याला वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे तानोच्या वाळूचं कौतुक करण्यात दंग होते.

घरी येऊन त्याने कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, पेन शोधलं, चष्मा शोधला. ‘मी खाली सही करणार असे शपथपूर्वक लिहून देतो की’ इथपर्यंत वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

खरी गोष्ट अशी होती. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दोघांच्या घरी एकाच आठवड्यात गॅस आला. गॅसवाल्याने दोघांनाही एकच सांगितलं : टाकी उपसा, पुसा, वाळू भरा. तानो बादल्या घेऊन समुद्रावर जाऊ लागला. सावेरिओ कुंपणावर हात ठेवून त्याला हसायचा. “अरे ए, समुद्र रिकामा करतोस का काय? मी बॉयलरवाला आहे, मला विचार की. वरून सिमेंटचं बूच मार, माती लोट, सात पिढ्या बघायला नको.” स्वतःच्या टाकीचं त्याने तेच केलं, आणि तळाशी हातभर तेल होतं. तेही त्याने काढलं नाही. न जाणो, गॅस महागला तर, असा हिशेब. तानो नुसता मान हलवायचा आणि पुढची बादली ओतायचा.

तरीही ती टाकी बिचारी पंचवीस वर्षं गप्प पडून राहिली. तिला डिवचलं ते अंजिराने. इटलीतल्या कालाब्रियातून आलेल्या माणसाच्या परसात अंजीर नाही म्हणजे त्याला घर कसं म्हणायचं? पण इथली थंडी अंजिराला सोसत नाही. म्हणून नोव्हेंबरात पानं गळाली की एका बाजूची मुळं तोडायची, झाड वाकवून चरात आडवं निजवायचं, पुन्हा उठू नये म्हणून दोराने खुंटीला बांधायचं आणि वर फळ्या, जुनी सतरंजी, पाला, माती घालून मढ्यासारखं पुरायचं. एप्रिलात उकरून उभं करायचं. पुरलेली आणखी एक गोष्ट त्याच मातीत आहे, याचा त्याला विसर पडला नव्हता. पण अंजिराला परसातली तीच एक ओली ऊब मानवली होती.

चार नोव्हेंबरांपूर्वी झाड जाड झालं होतं, वाकेना. तेव्हा त्याने खुंटी दोन हात पलीकडे घेतली. खुंटी म्हणजे शाळेतून निवृत्त होताना आठवण म्हणून आणलेली बॉयलरची सळई. घणाचा पाचवा घाव बसला आणि सळई एकदम हातभर आत गेली. खालून पोकळ आवाज आला. उपसून पाहिली तर टोक काळं, ओलं, आणि तो वास! एकतीस वर्षं जो वास त्याने कपड्यांतून घरी आणला होता तोच.

तेव्हाच हाक मारायला हवी होती. त्याने काय केलं? लाकडाची पाचर तासली, चिंधी गुंडाळली, भोकात ठोकली, वर चिकणमाती थापली आणि अंजीर दुसरीकडे बांधलं. वर्षभरात पाचर कुजणार हे त्याला कळत होतं. भोकातून पावसाचं, बर्फाचं पाणी आत जाणार, पाणी जड म्हणून तळाशी बसणार आणि तेवढंच तेल वर उचलून बाहेर ढकलणार, हेही त्याला कळत होतं. शाळेतल्या नव्या मदतनिसांना हा धडा त्याने स्वतः काचेच्या बरणीत करून दाखवला होता. अडाण्याने केलं असतं तर चूक म्हटली असती. त्याच्या बाबतीत तो शब्दही शोभत नव्हता.

पण सगळ्यात वाईट तेही नव्हतं. जानेवारीत असुंताने पहिली हाक मारली ती त्यालाच. तो तळघरात उतरला, भिंतीला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि जागच्या जागी सगळं समजला.

“कुम्पा, हे काय हो?” तिने घाबरून विचारलं.

“तानोची टाकी असेल,” तो म्हणाला.

तो शब्द तिचा नव्हता, गल्लीचा नव्हता. त्याचा होता. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव म्हणतात, इथे कांदळकर थडग्यात होता, त्याला ‘मी नव्हे’ म्हणायची सोय नव्हती. आपण एका मेलेल्या मित्राला पुढे केलं, या विचाराने सावेरिओला स्वतःच्याच स्वयंपाकघरात लाज वाटली. तरी हात पेनाकडे गेला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

असुंताच होती. हातात फडक्याने बांधलेलं पातेलं. “छोले घालून पास्ता केलाय. दुपारी तुम्ही जेवला नसणार. तोंड बघितलं मी तुमचं.”

“कुम्मा, कशाला त्रास?”

असुंताने सावेरिओच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून हातावर धरलं होतं. त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली. त्या दिवसापर्यंत ते एकमेकांना अरेतुरे करत. त्यानंतर गावाकडच्या रीतीप्रमाणे ती कुम्मा झाली, तो कुम्पा झाला आणि दोघं अहो-जाहोवर आले. हे नातं रक्ताच्या नात्याहून मोठं मानतात. भावाशी भांडलं तर चालतं, कुम्पाशी खोटं बोलत नाहीत.

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. टेबलावरचा कागद तिने पाहिला, पण त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. “एक मागायचंय. उद्या सकाळी मला तानोकडे न्याल?”

“नेतो की.”

“नुसतं न्यायचं नाही. बरोबर उभं राहायचं. मला एकटीला त्याच्यासमोर तोंड नाही.” तिने पातेल्यावरचं फडकं सोडलं. “काय काय बोलले मी त्याला! बेचाळीस वर्षं संसार केला, आणि एका वासावरून त्याला लबाड ठरवलं. तुम्ही त्याचे मित्र. माझ्या बाजूने दोन शब्द टाका. तुमचं तो ऐकेल.”

“माझं?” सावेरिओ म्हणाला.

“मग कोणाचं? जेवा, निवतंय.” आणि ती गेली.

पास्ता निवला. सही झाली नाही. कागद घडी घालून त्याने कोटाच्या खिशात ठेवला, फाडला मात्र नाही. माणूस असाच असतो, बुडतानाही एक फळी काखेत धरून ठेवतो.

सकाळी आठ वाजता असुंता काळा कोट घालून, पिवळ्या फुलांची कुंडी मांडीवर घेऊन, नेहमीसारखी त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. वाटेत तीच बोलत होती. तळघर धुऊन घेईन, ऑगस्टात पुन्हा टोमॅटोच्या बरण्या भरीन, तुम्ही या मदतीला, तानोचं टोमॅटोचा रस काढायचं यंत्र अजून चालतं. सावेरिओ ‘हं’ म्हणत होता.

थडग्यावर तीन महिन्यांचा पाला साचला होता. तिने तो हाताने काढला, रुमालाने दगड पुसला, कुंडी ठेवली. मग ती ताठ उभी राहिली, शाळेत बाईंसमोर उभी राहावी तशी.

“तानो, मी आलेय. उशीर झाला. तुला सगळं ऐकू आलं असेलच, माझा आवाज काय लहान नाही. मी चुकले रे. तेल तुझ्या टाकीचं नव्हतं. तू वाळू भरली होतीस, मला मूर्खाला काय माहीत? सांगितलं असतंस तर! पण तू कुठे काही सांगायचास.” तिने नाक पुसलं. “कुम्पा आलेत बरोबर. बोला हो, कुम्पा.”

सावेरिओने तोंड उघडलं. मग टोपीच काढून हातात घेतली.

“बोला ना,” ती हळूच म्हणाली.

“तानो,” तो म्हणाला, “हिचा काही दोष नाही. तुझी टाकी असेल असं हिला मीच सांगितलं. तेल माझं आहे.”

असुंताने सावकाश मान वळवली.

“काय म्हणालात?”

मग त्याने सांगितलं. सिमेंटचं बूच, तळाशी ठेवलेलं तेल, अंजीर, सळई, पाचर. सगळं दगडाकडे बघत सांगितलं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचंच त्याला नवल वाटलं.

“म्हणजे जानेवारीत, तळघरात आलात तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या वासाला.”

“आणि मी फोटो उलटा टांगला तेव्हा? तुम्ही समोर बसून कॉफी पीत होतात.”

“हो.”

“खिळा हलत होता,” ती आठवून आठवून म्हणाली. “तुम्ही घरून हातोडी आणलीत आणि ठोकून दिलात.”

“हो.”

तिने आरडाओरडा करावा, थोबाडीत मारावी, एवढ्याची त्याने तयारी ठेवली होती. निदान रडेल असं वाटलं होतं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. अनोळखी माणसाने आपल्या घराचं दार उघडलं तर बघावं, तशी.

“गाडीत जाऊन बसा,” ती म्हणाली. “मला माझ्या नवऱ्याशी बोलायचंय.”

तो जाऊन बसला. समोरच्या काचेतून ती दिसत होती. ती गवतावर खाली बसली, कोटासकट, गुडघे दुखत असूनही. बोलत होती. मध्येच तिने दोन्ही हात ताणून जड बादल्या उचलल्यासारखं केलं आणि कमरेत वाकली. ती हसत होती, हे त्याला तिच्या खांद्यांवरून कळलं. नंतर बराच वेळ खांदे हलत राहिले. तेव्हा ती हसत होती की नाही हे कळलं नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली, कोट झाडला आणि गाडीकडे आली. सावेरिओने आतून वाकून पुढचं दार उघडून दिलं. ते तिने बाहेरून बंद केलं. मग मागचं दार उघडून ती मागच्या सीटवर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

“घरी नको,” ती म्हणाली. “आधी नगरपालिका. त्या इन्स्पेक्टर पोराला सगळं सांगा. मी खाली गाडीत थांबते.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याने गाडी सुरू केली. आरशात तिचा चेहरा होता. ती बाहेर बघत होती, भाड्याच्या गाडीत बसलेलं माणूस बघतं तशी. त्याने हात वर करून आरसा जरा फिरवला, इतका की त्यात मागचा रस्ता तेवढा राहिला, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.